शैवालावरच्या जिवाणूंना 'अपिजीवी' म्हणावे का?

अनुवादक, गंगापूर रोड : शाळकरी मुलांच्या एका पुस्तिकेसाठी मी सागरी शैवालाच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या जिवाणूंच्या डीएनए-अभ्यासावरील लेख मराठीत आणत आहे. मूळ लेखातील 'एपिफायटिक' (वनस्पती किंवा शैवालाच्या पृष्ठभागावर राहणारा) या विशेषणासाठी मी 'अपिजीवी' लिहिले होते, पण संपादकांनी ते खोडून 'परजीवी' केले आहे. परजीवी म्हटले की यजमानाच्या जिवावर पोसणारा जीव डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा बदल मला मान्य नाही. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त शिक्षक, पंचवटी : 'अपि'च योग्य आहे. अपित्वचा आणि अपिवनस्पती हे शब्द मराठी परिभाषेत आहेतच. काहींना ही ग्रीक 'एपि'ची नक्कल वाटते, परंतु दोन्ही उपसर्गांचे मूळ एकच आहे आणि संस्कृतात 'अपिधान' म्हणजे झाकण, म्हणजेच वरून घातलेली वस्तू.

द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत : सर, आपली व्युत्पत्ती पटली, तरी नववीतल्या मुलाला 'अपि' वाचून तथापि आणि यद्यपिच आठवणार. शिवाय वर राहणारा प्रत्येक जीव निरुपद्रवी असतो असे नाही. आमच्या बागेत भुरी आली की पानावर राखेसारखी पूड दिसते, बोटाने पुसली तर निघतेही. पण त्या बुरशीचे शोषक तंतू पानाच्या पेशींत शिरून अन्न ओढत असतात. सरळ 'शैवालावरचे जिवाणू' लिहावे, कोणाला शब्दकोश उघडावा लागणार नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका, कॉलेज रोड : दादांचा भुरीचा दाखला अचूक आहे, पण शैवालाच्या बाबतीत गोष्ट उलटीही असते. उल्वा हे पातळ हिरव्या पापुद्र्यासारखे शैवाल जिवाणूंशिवाय वाढवले, तर त्याचा पापुद्रा बनतच नाही, पेशींचा बेढब पुंजका तयार होतो. रोझिओव्हॅरिअस आणि मॅरिबॅक्टर या गटांतील योग्य जिवाणू सोबत दिले की वाढ पूर्वपदावर येते. त्यांपैकी मॅरिबॅक्टरकडून मिळणारे थॅलुसिन हे द्रव्य यात महत्त्वाचे असते. अशा जिवाणूंना परजीवी म्हणणे हा शब्दाचा नव्हे, वस्तुस्थितीचाच दोष आहे.

अनुवादक : ताई, मग 'सहजीवी' लिहू का?

प्राध्यापिका : तेवढेही लिहू नये. शैवाल निर्जंतुक समुद्रपाण्याने धुऊन सैल चिकटलेले जिवाणू काढतात, मग पृष्ठभागावरून स्वॅब फिरवून डीएनए वेगळा करतात आणि त्यातील १६एस हे सुमारे १,५०० बेसजोड्यांचे जनुक किंवा त्याचा एखादा भाग वाचतात. त्यावरून तिथे कोणकोणत्या गटांचे जिवाणू होते ते कळते; ते शैवालाला मदत करत होते की त्रास देत होते, हे केवळ त्या वाचनातून ठरत नाही. मेलेल्या पेशींचा डीएनएसुद्धा त्याच यादीत येतो. म्हणून फक्त जागा सांगणारा 'अपिजीवी' मला प्रामाणिक वाटतो.

निवृत्त शिक्षक : आपला निष्कर्ष मला मान्य आहे, परंतु मुलांच्या पुस्तिकेत 'स्वॅब' कशासाठी? 'बोळा' हा आपला शब्द आहे.

बागायतदार : बोळा म्हटले की कानातला कापूस आठवतो. करोनाच्या साथीनंतर स्वॅब हा शब्द आमच्या गावातल्या आजीबाईंनाही ठाऊक आहे. तो आता मराठीच आहे.

प्राध्यापिका : स्वॅबवर वेळ घालवण्यापेक्षा लेखात एक गोष्ट जरूर घ्यावी. १६एस वाचताना शैवालाच्या स्वतःच्या हरितलवकाचा डीएनएही जिवाणूंच्या यादीत घुसतो, कारण हरितलवकांचे पूर्वज सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू होते. म्हणून हिशेब करताना ते वाचन वेगळे काढावे लागते.

निवृत्त शिक्षक : पूर्वज जिवाणू होते आणि आता मुक्काम पेशीच्या आत आहे, तर हरितलवकाला 'अंतर्जीवी' म्हणायला काय हरकत आहे?

अनुवादक : सर, तो शब्द आतड्यांतल्या जंतांसाठीही वापरलेला मी वाचला आहे. पुस्तिका सोमवारी छापायला जाणार असून संपादक अजून 'परजीवी'वरच ठाम आहेत.