एकच अध्याय, आठ शनिवार: तुमचे अनुभव सांगा

भाकरीचटणी:
परवा बार्शीहून एसटीनं येत होते. नान्नजजवळ एका द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी चाललेली, मंडपाखाली काड्यांचा नुसता खच. बघितलं आणि आमचा शिष्यत्व वर्ग, म्हणजे चर्चमधला बायबल शिकायचा वर्ग, आठवला.

लग्नाआधीची गोष्ट. चर्चच्या मागच्या खोलीत आठ शनिवार बायबलचा एकच अध्याय, योहान 15. येशू द्राक्षवेल, आपण फाटे, तो. वचनं सगळी 27. पहिल्या दिवशी सरांनी तो फक्त हातानं उतरवून काढायला लावला. अर्थ सांगायचा नाही, टीकाग्रंथ उघडायचा नाही, आधी काय लिहिलंय ते बघा. 'राहा', 'राहतो' दिसेल तिथं पेन्सिलची रेघ. 4 ते 10 या वचनांतच दहाएक रेघा झाल्या. मी म्हटलं, सर एवढंच? तर म्हणाले, राहणं सोपं असतं तर इतक्यांदा सांगितलं असतं का?

तिसऱ्या शनिवारी 2रं वचन निघालं. फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो, ते. मागच्या बाकावर एक बागायतदार काका बसायचे, कधी बोलायचे नाहीत. ते म्हणाले, "सर, न देणारी काडी एकदाच जाते, सुटली बिचारी. देणारीला दर साली कात्री. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी." सर खडू हातात धरून गप्प!

पुढचा वर्ग काकांच्या बागेत. काकांनी कात्री मारली आणि कापल्या टोकाला थेंब थेंब पाणी यायला लागलं. "रडतीय," म्हणाले. त्या वर्षी माझे वडील गेले होते. मी थेंब मोजत उभी. चौदा झाले, मग काकूंनी चहाला हाक मारली.

तुमच्याही वर्गाचं लिहा.

सातरस्ता:
आमचं मार्क 1. 'लगेच' किती वेळा येतं ते मोजा म्हणाले. मी आणि चुलतभाऊ भांडलो, तो 'तत्काळ'पण धरत होता बे. शिष्यांनी जाळी लगेच सोडली, आमच्या गटाला चहाचे कप उचलायला पाऊण तास.

घागर_कुणी_नेली:
पीठ मळत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आम्हाला योहान 4, शोमरोनी बाई. भर दुपारी विहिरीवर का आली यावर पुरुष मंडळी रंगली होती. आमच्या गल्लीत नळ चार दिवसाआड. मेच्या उन्हात टँकरमागं पळालेल्या बायका आम्ही, आम्हाला कुणी विचारेना. मग 28वं वचन, ती घागर तिथंच टाकून गावात गेली. त्याचा आत्मिक अर्थ अर्धा तास चालला. शेवटी आमची आजी म्हणाली, "घागर कुणी उचलून नाही ना नेली?" वर्ग बरखास्त.

सातरस्ता:
आजींना नमस्कार सांगा 😂

खरडछाटणी:
नान्नज म्हणजे सोनाका द्राक्षाचं गाव, नानासाहेब काळ्यांनी ती जात तिथंच काढली. बाकी काका बरोबर बोलले. पण ताई, हल्ली बाग डॉगरिज खुंटावर असते. मूळ एकाचं, फाटा दुसऱ्याचा. तुमच्या सरांना विचारा, याचं काय?

भाकरीचटणी:
पौलाचं रोमकरांस पत्र, 11वा अध्याय वाचा अण्णा. तिथं जैतुनाचं कलम आहे, तेही उलटं. रानटी फांदी चांगल्या झाडावर.

खरडछाटणी:
असं कोण करतं?

भाकरीचटणी:
पौलच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. 24वं वचन.

वडा_प्रेमी:
मी ख्रिस्ती नाही. मित्राबरोबर जायचो, खरं सांगायचं तर वर्गानंतरच्या बटाटेवड्यासाठी. एक मात्र डोक्यात बसलंय. योहानाच्या 14व्या अध्यायाच्या शेवटी येशू म्हणतो, उठा, इथून जाऊ. आणि पुढं तीन अध्याय बोलणं चालूच! आमच्या घरी पाहुणे 'निघतो' म्हणून उठतात, ते दारात तासभर.

घागर_कुणी_नेली:
आमच्याकडं चप्पल घालून झाल्यावर खरा विषय निघतो.

नाव_नको:
मला हा 15वा अध्याय नको वाटतो. माझं बाळ गेलं तेव्हा वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, देव छाटणी करतोय. वही तिथंच मिटली. त्याला 11 वर्षं झाली. उपासनेला जाते, गटात नाही. योहान 11 मधलं 35वं वचन तेवढं पाठ आहे, दोनच शब्द. 'येशू रडला.'

भाकरीचटणी:
अक्का. त्या दिवशी बागेत सर काहीच बोलले नाहीत. परत येतानाही नाही. मला तेव्हा राग आला होता, शिकवायला आणलं आणि गप्प काय.

घागर_कुणी_नेली:
नाव_नको, राहायला कुठं आहात? मी अशोक चौकाजवळ. चहाला या. वही आणू नका.

नाव_नको:
रविवारी?

घागर_कुणी_नेली:
रविवारी पाणी येतं. सोमवारी या.

सातरस्ता:
काका आहेत का अजून?

भाकरीचटणी:
नाहीत. मुलानं बाग काढून ऊस लावला.

खरडछाटणी:
मजूर मिळत नाहीत ताई, त्याचं चुकलं नाही. औषधाला पण लै पैसा जातो.

वडा_प्रेमी:
ती उतरवलेली वही असेल तर फोटो टाका.

भाकरीचटणी:
माळ्यावर सापडली. 15वा अध्याय पूर्ण आहे, रेघांसकट. मागच्या पानावर आईनं दुधाचा हिशोब लिहिलाय.

सातरस्ता:
काय भाव होता तेव्हा?