विषय: मानेतली गाठ – सही करू का?

मंडळी,
एमआरआयचा रिपोर्ट आला. व्हेगस या मानेतून जाणाऱ्या नर्व्हवरचा श्वानोमा (नर्व्हवर वाढणारी गाठ) दिसतोय, कॅन्सर वाटत नाही म्हणाले. कार्यक्रमाच्या तालमीत मी सारखा खोकत होतो ना, ते हेच. गाठ दाबली की ढास लागते. शुक्रवारी ऑपरेशन आहे. संमतीपत्रात ‘गरज पडल्यास नर्व्ह कापावी लागेल’ असं एक वाक्य आहे. सही करू का?
– अण्णा

अण्णा, बिनधास्त करा. माझ्या मावसभावाची मुळासकट काढली. आवाज बसला, पाणी पिताना ठसका लागायचा, पण गाठ गेली ना!
– काका

काका, तुमच्या त्या ‘मुळासकट’मध्येच सगळा घोळ आहे. श्वानोमा नर्व्हच्या वेष्टणातल्या पेशींपासून वाढतो. बहुतेक तंतू गाठीत गुंतत नाहीत, कडेला ढकलले जाऊन तिच्यावर पसरतात. म्हणून वेष्टणाला उभी चीर देऊन गाठ आतून सोलून काढता येते. नर्व्ह कापली तर त्या बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो. अण्णा, सर्जनना विचारा, सोलून काढणार की नर्व्हसकट? मॉनिटर लावणार का? श्वासनळीत घालायच्या नळीवर इलेक्ट्रोड असतात, स्वरतंतू हलतोय का ते तिथेच कळतं. आणि आधी दुर्बिणीतून स्वरयंत्र बघून घ्या, म्हणजे नंतर ‘हे आधीपासूनच होतं’ हा वाद नको.
– डॉक्टर वहिनी

वहिनी, पण सुई घालून तपासणी का नाही केली? आमच्या ओळखीत एकांची तशीच केली होती.
– भाऊ

सुईच्या नमुन्यातून श्वानोमाचं निदान पुष्कळदा होतच नाही, भाऊ. एमआरआयमध्ये मानेतल्या कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शीर एकमेकींपासून फाकलेल्या दिसल्या की व्हेगसवर संशय जातो. दोन्ही एकत्र पुढे ढकललेल्या असतील तर सिम्पथेटिक साखळीवर, म्हणजे मानेतल्याच दुसऱ्या नर्व्हवर. तिथलं ऑपरेशन झालं की पापणी उतरू शकते.
– वहिनी

वैद्यकीय प्रश्न या यादीवर नकोत असं गुडघ्यांच्या वेळीच ठरलं होतं. अण्णांचा अपवाद करतोय.
– कार्यवाह

गुडघे तुम्हीच काढले होते.
– काका

सर्जनशी बोललो. सोलूनच काढणार, मॉनिटर आहे. नर्व्ह वाचली तरी आवाज काही दिवस, कदाचित महिने घोगरा राहू शकतो म्हणाले. ‘गरज पडल्यास’ म्हणजे नेमकं कधी, ते त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि सही केली. सूत्रसंचालन ताई करतील.
– अण्णा

मला कोणी विचारलं?
– ताई