राजा राहू दे, मुदपाकखाना बघू का? 'बॉन अपेटिट, युअर मॅजेस्टी'चे पहिले ४ भाग

भाजणी | ३ सप्टेंबर २०२५, दुपार

मंडळी, काल गौरी गेल्या, पाठोपाठ पाहुणेही गेले. डब्यात करंज्या आहेत आणि अंगात उठायची ताकद नाही, म्हणून धागा काढते.

नेटफ्लिक्सवर 'बॉन अपेटिट, युअर मॅजेस्टी' ही कोरियन मालिका कुणी बघतंय का? २३ ऑगस्टला सुरू झाली, शनिवार-रविवारी एकेक भाग येतो, एकूण १२. चार झाले. मी आणि सासूबाई मिळून बघतोय. म्हणजे मी खालची इंग्रजी वाक्यं वाचून मराठीत सांगते आणि त्या मला मधेच थांबवून प्रश्न विचारतात.

गोष्ट थोडक्यात अशी. योन जी-यंग नावाची शेफ, हात फ्रेंच स्वयंपाकात मुरलेला. पॅरिसची स्पर्धा जिंकून विमानाने घरी निघते. सूर्यग्रहण लागतं, हातात वडिलांसाठी घेतलेलं जुनं पुस्तक असतं, आणि बाई थेट पाचशे वर्षं मागे कोरियाच्या जोसन राजवटीत जाऊन आदळते. समोर शिकारीला आलेला राजा. जुलमी म्हणून बदनाम, पण जिभेचा भारी चोखंदळ. त्याला ती भूत वाटते. भूत त्याला जेवायला घालतं. पुढे ती त्याच्या मुदपाकखान्याची मुख्य होते आणि तिथले सगळे पुरुष आचारी तोंडं वाकडी करतात.

स्वयंपाक फर्स्ट क्लास दाखवलाय. लोणी आणि गोचुजांग (मिरचीची कोरियन पेस्ट) घालून कालवलेला भात बघून मी रात्री साडेदहाला कुकर लावला. नंतर चिवट मांस मऊ करायला ती सू-व्हीडची युक्ती काढते. म्हणजे हवाबंद करून, उकळी येऊ न देता गरम पाण्यात हळूहळू शिजवायचं, तेही चुलीवर. सासूबाई म्हणाल्या, "हिला आच कळते गं." मला सतरा वर्षांत हे प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

पण प्रेमप्रकरण मला अजून कच्चं लागतंय. जी-यंग झालेली यूना मस्त, तिचा चेहरा कॉमेडीत छान पळतो. राजा झालेला तो ली चे-मिनही डोळे वटारतो तेव्हा शोभतो. पण ज्याचे अधिकारी गावोगावच्या पोरी उचलून नेतात, त्याच्यावर मी पुढच्याच प्रसंगात जीव टाकायचा? चौथ्या भागाचा शेवट बघितलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय. फोडत नाही.

तर पुढे बघू, की बाराही भाग येईपर्यंत थांबू? आणि ह्याच जातीचं पण जोडी पटेल असं काही सुचवा, सासूबाईंबरोबर बघण्यासारखं. त्यांचा एक प्रश्नही आहे: "राजवाड्यातले सगळे त्या म्हातारीला मामा का म्हणतात?"

रात्रपाळी | ३ सप्टेंबर, संध्याकाळ

थांबा ताई. मी तर कोरियन मालिका पूर्ण आल्याशिवाय हात लावत नाही. ह्यांची शेवटच्या पाच मिनिटांत असं काही करून ठेवायची खोड आहे, की आठवडाभर वॉर्डात औषधं देताना डोक्यात तेच. एकदा पोळले, आता सुट्टीच्या दिवशी सलग बघते.

तोवर यूनाचीच 'किंग द लँड' (२०२३) बघा. हॉटेलमधली गोष्ट, १६ भाग, डोक्याला अजिबात ताप नाही. नायक श्रीमंत आणि थोडा बावळट, पोरी पळवत वगैरे नाही. ह्याहून आटोपशीर हवं असेल तर 'बिझनेस प्रपोजल', १२ भाग. मैत्रिणीच्या जागी दाखवायच्या कार्यक्रमाला जायचं आणि मुलगा निघतो स्वतःच्याच कंपनीचा साहेब. कांदेपोह्यांचा घोळ आहे, सासूबाईंना समजावून सांगावंसुद्धा लागणार नाही.

इतिहासाचा_किडा | ३ सप्टेंबर, रात्र

भाजणी, तुमचा घास अडकला ते योग्यच झालं.

मालिकेत राजाचं नाव बदललंय, पण तो कोण हे लपलेलं नाही. ज्या वेब-कादंबरीवरून ही केली तिच्या नावातच तो आहे: योनसानगुन. १४९४ ते १५०६ राज्य केलं. त्याच्या आईला आधी राणीपदावरून काढलं आणि १४८२ मध्ये विष देऊन मारलं. तेव्हा हा लहान होता. मोठेपणी ते प्रकरण उकरून त्याने १५०४ मध्ये दरबारातली माणसं मारली, त्याआधी १४९८ मध्येही विद्वानांचं एक हत्याकांड झालं होतं. राजाची निंदा करणारे कागद कोरियन लिपीत लिहून लावलेले सापडले, तर ती लिपी शिकण्या-शिकवण्यावरच बंदी घातली. सोंगग्युनग्वान ही राज्यातली सर्वांत मोठी विद्यापीठासारखी संस्था, तिथे ऐषारामाचा अड्डा केला. मालिकेत पोरी उचलणारे अधिकारी दिसतात तेही पटकथेचं पाप नाही, खरोखर होते.

आता ह्याला एक वाटी भात दिला आणि तो विरघळला? कॉमेडी करायची तर दुसरा राजा मिळाला नाही?

भाजणी | ३ सप्टेंबर, रात्र

विष दिल्याचं सासूबाईंना सांगितलं. गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तरीच त्याला कुणाच्या हातचं गोड लागत नसेल." आता मी कुणाची बाजू घेऊ?

सुवॉनकर | ४ सप्टेंबर, सकाळ

कोरियातून नमस्कार. सहा वर्षं इथे आहे, सुवॉनला. आधी सासूबाईंचा प्रश्न. 'मामा' हे राजघराण्यातल्या माणसाच्या पदापुढे लावायचं आदराचं शेपूट आहे. 'देबी' म्हणजे राजमाता, म्हणून 'देबी मामा'. आपण आईसाहेब, राणीसाहेब म्हणतो त्यातलं 'साहेब' समजा. राजासमोर सगळे 'चोन्हा' म्हणून वाकतात, ते 'महाराज'. माझ्या आईला इथे आल्यावर सगळ्यात आवडलं ते म्हणजे पोरं बापाला 'आप्पा' म्हणतात. तिला वाटलं, मीच शिकवलं शेजाऱ्यांना.

किडासाहेबांचं सगळं बरोबर आहे, पण त्यांनी सगळ्यात मजेची गोष्ट सांगितली नाही. जोसनच्या राजांना मेल्यावर मिळालेली नावं बघा: सेजोंग, सोंगजोंग, जुंगजोंग. शेवटी 'जोंग' किंवा 'जो' आला की तो राजा म्हणून मान्य. योनसानगुनमधलं 'गुन' म्हणजे नुसता राजपुत्र. त्याला १५०६ मध्ये गादीवरून खेचलं, सावत्र भावाला बसवलं, ह्याला गांगह्वाजवळच्या ग्योडोंग बेटावर हद्दपार केलं आणि त्याच वर्षी तो मेला. मेल्यावरही राजा म्हणवून घ्यायची सोय ठेवली नाही.

आता मालिकेतल्या राजाला जी-यंग इतिहासात कोणत्या नावाने ओळखते? योनहीगुन. म्हणजे ती ज्याला जेवायला वाढतेय त्याचा शेवट तिला पहिल्यापासून माहीत आहे. इथल्या प्रेक्षकालाही ते 'गुन' ऐकल्या ऐकल्या कळतं. प्रेमकथा कच्ची वाटते कारण सबटायटलमध्ये हे एक अक्षर हरवतं. ह्या माणसाचं काय होणार हे ठाऊक असताना त्याला रोज ताट वाढायचं, आणि वाढता वाढता तो बदलला तर इतिहासाचं काय करायचं, ही खरी गोष्ट आहे. भाताने विरघळतो म्हणून हसू नका, १२ भागांचा प्रश्नच तो आहे. मी तर दर आठवड्याला बघणार.

पुरुष आचाऱ्यांचंही खरं आहे. राजवाड्यातल्या मोठ्या मेजवान्यांचा स्वयंपाक करणारे 'सुकसू' पुरुष असायचे. ती मुख्य आचारी होते हे तिथे केवढं अघटित, ते त्या वाकड्या तोंडांवरून कळतं.

इतिहासाचा_किडा | ४ सप्टेंबर, सकाळ

'गुन'चा मुद्दा मान्य. तो लक्षात घेऊन पहिला भाग परत बघतो. पोरी उचलण्याचं मात्र माफ केलेलं नाही.

पाटावरवंटा | ४ सप्टेंबर, दुपार

राजकारण झालं असेल तर भाताकडे वळू या का?

तो भात मी केला. घरचं लोणी, कढत भात, वरून अर्धं तळलेलं अंडं. गोचुजांग नव्हतं म्हणून लाल मिरचीचा ठेचा. उत्तम लागतो, पण तो आपलाच भात लागतो. गोचुजांगमध्ये चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन असतं, त्यामुळे तिखटामागे गोडसर-आंबूस चव येते. दुसऱ्यांदा ठेच्यात चिमूटभर गूळ घातला, जरा जवळ गेलं. तिसऱ्यांदा लोणी बेरी धरायला लागेपर्यंत कढवलं आणि त्यातच ठेचा परतला. राजा काय, राजाचा बाप विरघळेल.

आणि हो, त्या काळच्या जोसनमध्ये मिरचीच नव्हती! मिरची अमेरिकेतली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी गोव्यात आणली, तीही सोळाव्या शतकात. कोरियात तर त्याच्याही नंतर, १५९२च्या जपानी स्वारीच्या आगेमागे पोचली असं सांगतात. म्हणजे योनसानगुन मेला तेव्हा त्याची किमची, म्हणजे तिकडचं भाज्यांचं आंबवलेलं लोणचं, पांढरी होती आणि आपल्याकडेही मिऱ्यावर भागत होतं. दोघंही एकसारखे बिनमिरचीचे. हे मला फार आवडलं.

भाजणी | ४ सप्टेंबर, दुपार

पण मग भातात गोचुजांग कसं? चूकच की ती!

पाटावरवंटा | ४ सप्टेंबर, दुपार

अगं, ते तिच्याबरोबर आजच्या काळातून आलंय. म्हणून तर राजाने तशी चव आधी कधी घेतलेलीच नाही. जन्मात पहिल्यांदा मिरची खाणारा माणूस आहे तो. तो प्रसंग आता परत बघ.

सुवॉनकर | ४ सप्टेंबर, संध्याकाळ

बरोबर. १६१४च्या एका कोरियन ग्रंथात मिरचीला जपानकडून आलेली मोहरी अशा अर्थाचं नाव आहे, इतकी ती परकी होती. आज हे लोक गोचुजांगशिवाय प्रवासाला निघत नाहीत, लोणच्याची बाटली घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींसारखे. इथल्या विमानात बिबिंबाप (भाज्या घालून कालवायचा भात) मागितला तर सोबत गोचुजांगची ट्यूबच देतात.

माई_सत्तर | ५ सप्टेंबर, सकाळ

भाजणी बाळा, तुझ्या सासूबाईंना विचार, २००६ साली दूरदर्शनवर हिंदीत एक कोरियन मालिका लागायची ती आठवते का. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात वाढलेली मुलगी पुढे राजवैद्य होते. 'अ ज्वेल इन द पॅलेस', कोरियन नाव 'दे जांग गम'. मूळ २००३-०४ची, ५४ भागांची. विनोदी नाही, रडवते, पण पदार्थ असे दाखवलेत की वास यायचा बाकी राहतो. मुख्य म्हणजे ह्याच तुमच्या राजाला काढून जो सावत्र भाऊ गादीवर बसवला, त्या जुंगजोंगच्या काळातली गोष्ट आहे. एक संपवून दुसरी लावली की राजा बदललेला दिसेल.

मला प्रेमकथेचं तितकंसं नाही. ती गिल-गम नावाची मुलगी आहे ना, वासावरून सगळं ओळखणारी, तिच्यासाठी मी बघते. तिची आणि जी-यंगची जोडी राजापेक्षा जास्त जमलीय.

रात्रपाळी | ५ सप्टेंबर, पहाटे नव्हे सकाळ, झोप नाही

माईंना शंभर टक्के अनुमोदन. गिल-गम हीच खरी नायिका.

भाजणीताई, सुवॉनकरांचं वाचून मी माझा नियम मोडला. रात्री चारही भाग बघितले. चौथ्याच्या शेवटाबद्दल तुमचं बरोबर आहे, मलाही रुचला नाही. पण दिग्दर्शक जांग ते-यू आहे, 'माय लव्ह फ्रॉम द स्टार'वाला. त्यातही चारशे वर्षांचा नायक आधी अगदी माठ वाटला होता, मग रडवलं मेल्याने. चार भाग देऊन बघा अजून. आणि नायकाला बोल लावू नका, पोरगं २००० सालचं आहे, ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी आलंय. यूना त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. पडद्यावर तसं जाणवत नाही, ही त्याची कमाई.

काळात मागे जाणारा शेफ हवाच असेल तर 'मिस्टर क्वीन' आहे, २०२०-२१ची, २० भाग. त्यात आजच्या काळातला पुरुष शेफ राणीच्या देहात जातो. मी हसून हसून इंजेक्शनची ट्रे पाडणार होते.

इतिहासाचा_किडा | ५ सप्टेंबर, दुपार

'मिस्टर क्वीन'चं नाव काढू नका. राजघराण्याच्या बखरींची टिंगल केली म्हणून कोरियातच ओरड झाली होती. (बघितली आहे. वीसही भाग. काही बोलू नका.)

भाजणी | ६ सप्टेंबर, दुपार

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: 'दे जांग गम' सासूबाईंना आठवली! "ती ना, पाणी आणायला पाठवतात ती," म्हणाल्या. म्हणजे दिवाळीपर्यंतची सोय झाली. भाषांच्या यादीत हिंदी सापडली नाही तर माझ्या घशाचं मात्र काही खरं नाही.

पाचवा भाग आजच बघणार, थांबणार नाही. 'गुन' कळल्यापासून पहिला भाग परत बघितला आणि ती त्याला पहिला घास देते तिथे ह्या वेळी हसू आलं नाही. ठेचा-गूळ-बेरीचा भातही केला. नवऱ्याने तिसऱ्यांदा वाढून घेतला आणि विचारलं, ही कुठली गावाकडची रीत? मी म्हटलं, जोसन.

उद्या खग्रास चंद्रग्रहण आहे. सासूबाईंनी बजावलंय, कुणीही जुनी पुस्तकं उघडायची नाहीत.

आत्ता अडचण एकच. आज अनंत चतुर्दशी, आमच्या खिडकीखालूनच मिरवणूक जाते. ढोल सुरू झालेत. मला सबटायटल आहेत, पण सासूबाईंना पाचवा भाग ओरडून सांगावा लागणार, आणि ह्या वेळी राजाच्या मनातलं सगळं अख्ख्या गल्लीला ऐकू जाणार.