साइटवर भावाचा चेहरा फाटला, नुसत्या वणाची भरपाई मिळते का? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ टाइल्सचं काम करतो. 2025 च्या मार्चमध्ये बेसा भागातल्या एका बांधकामावर कटर मशीनची पाती फुटली आणि तुकडा उजव्या गालापासून हनुवटीपर्यंत फाडत गेला. मशीनला गार्ड नव्हतं, डोळ्यांना चष्मा नव्हता. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात एकवीस टाके पडले.

जखम भरली, पण वण जाड गाठीसारखा वर आलाय आणि ओठाचा कोपरा खाली ओढून धरतो. पाणी प्यायला की त्या बाजूने ओघळतं, म्हणून तो चारचौघांत पाणीच पीत नाही. सकाळी मजूर कामासाठी उभे राहतात त्या ठिय्यावर रुमाल बांधून उभा राहतो. रुमाल उतरला की लोक दुसऱ्याला घेऊन जातात. राहत्या घरात जाऊन काम करायचं असतं, घरचे बिचकतात, असं एका मिस्त्रीने तोंडावर सांगितलं. आधी महिन्यात पंचवीस दिवस काम होतं, आता दहा-बारा.

ठेकेदाराने तेव्हा औषधाला आठ हजार दिले आणि ‘हिशेब मिटला’ अशा कागदावर सही घेतली. आता म्हणतो, “हात-पाय धड आहेत न तुझे? मग कायची भरपाई?” बिल्डर म्हणतो, माणूस आमचा नव्हेच. भाऊ म्हणतो, “जाऊ दे न बाई.” मला जाऊ द्यायचं नाही. सही केली म्हणजे सगळं संपलं का? हजेरीची वही ठेकेदाराकडे आहे, आमच्याजवळ फक्त फोनपेवर आलेल्या मजुरीचे मेसेज. वकिलाची फी झेपणार नाही. कृपया मार्ग सांगा.

प्रतिसाद:
ताई, काही संपलेलं नाही. अपघात 21 नोव्हेंबर 2025 ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा आहे, तेव्हा 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा धरून चाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता 100 टक्के कमाई गेल्यासारखी धरली आहे. त्याहून कमी असेल तर कमाईची क्षमता किती घटली ते डॉक्टर ठरवतात, म्हणून तसा दाखला घ्या. हक्क सोडल्याची सही कलम 17 प्रमाणे रद्दबातल. ठेकेदाराचा माणूस असला तरी कलम 12 खाली बिल्डरवर दावा लावता येतो. अपघातापासून दोन वर्षांच्या आत कामगार न्यायालयात अर्ज टाका, त्याआधी दोघांनाही लेखी नोटीस द्या. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, पात्र असाल तर वकील मोफत मिळतो. आणि केसपेपरवर कामावर लागलं अशी नोंद आहे का, ते आधी बघा. मेसेज डिलीट करू नका.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. केसपेपर आत्ताच काढला. ‘साइटवर काम करताना मशीनने दुखापत’ असं लिहिलंय, खाली तारीख आहे. सोमवारी भावाला घेऊन प्राधिकरणात जाते.