परसातील सव्वासात इंची रेल्वे: रूळ कोणते आणि पाया कसा?

केंब्रिजकर:
नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या एका गावात राहतो. घरामागे साधारण ४० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. तिच्यात सव्वासात इंची, म्हणजे १८४ मिलिमीटर गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा), दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना अर्धगोल वळणे असलेला लांबट मार्ग टाकण्याचा विचार आहे. वळणांची त्रिज्या १० मीटर धरली, तर एकूण लांबी ९५ मीटरच्या आसपास भरते. बॅटरीवर चालणारे एक जुने इंजिन आणि बसायचे दोन डबे हाताशी आले आहेत, आणि गाडीत मुलांबरोबर मोठी माणसेही बसणार आहेत. रूळ ॲल्युमिनियमचे घ्यावेत की पोलादी, आणि स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) लाकडी असावेत की पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे. त्याऐवजी पाच इंची गेज घ्या, ते स्वस्तात होईल, असेही एकाने सुचवले आहे. येथील माती गॉल्ट जातीची चिकणमाती असून हिवाळ्यात तिच्यात पाय रुततो आणि कोरड्या उन्हाळ्यात बोट आत जाईल अशा भेगा पडतात, हेही सांगून ठेवतो.

रविवारचा गार्ड:
पाच इंचीचा विचार सोडून द्यावा. १२७ मिलिमीटर रुंदीच्या जमिनीलगतच्या रुळांवर मोठे माणूस बसले की गुरुत्वमध्य इतका वर जातो की ते जरा कलले तरी डबा उलटू शकतो. म्हणूनच त्या गेजचे बहुतेक मार्ग कमरेएवढ्या उंच खांबांवर असतात, आणि प्रवासी दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतात. आपल्याला बागेतून चालायलाही वाट हवी असेल, तर सव्वासात इंचीच योग्य.

रुळांबाबत माझा कल पोलादाकडे आहे. ॲल्युमिनियम हलके असते, गंजत नाही, हाताने वाकवता येते, हे सगळे खरे आहे. मात्र तापमानाने ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. थंडीतल्या उणे ५ अंशांपासून उन्हात तापलेल्या रुळाच्या ५० अंशांपर्यंतचा फरक धरला, तर ३ मीटरचा ॲल्युमिनियमचा रूळ सुमारे पावणेचार मिलिमीटरने वाढतो आणि पोलादी रूळ २ मिलिमीटरने. त्यामुळे ॲल्युमिनियम घेतल्यास फिशप्लेटची (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची) भोके लांबट ठेवावी लागतील आणि सांध्यातली फट रूळ टाकतानाचे तापमान पाहून ठरवावी लागेल. याखेरीज वळणावर पोलादी चाकांनी ॲल्युमिनियम लवकर झिजते. लाकूड की प्लॅस्टिक हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ओल्या मातीत प्लॅस्टिक कुजत नाही, एवढे पुरे आहे.

निवृत्त पी-वे, भुसावळ:
आपण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या वाक्यात सांगितलीत, आणि तिच्याविषयी काही विचारले मात्र नाहीत. पी-वे म्हणजे रेल्वेच्या रूळमार्गाचे काम; ते करण्यात तापीकाठच्या काळ्या मातीत आमची हयात गेली. अशा मातीवर रूळ कोणताही टाका, पाणी बाहेर काढले नाही तर खडी मातीत उतरते, चिखल खडीतून वर येतो आणि मुकादम गँग घेऊन त्याच सांध्यावर पुन्हा पुन्हा पॅकिंग करत, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासत बसतो. आपल्या मार्गासाठी वरची सुपीक माती पूर्ण काढावी, तळाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) अंथरून त्यावर कचेचा थर चांगला ठोकून घ्यावा आणि मगच खडी टाकावी. खडी धारदार, फोडलेलीच हवी. नदीतले गोल गोटे दिसायला सुंदर असतात, पण एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे स्लीपर धरून ठेवू शकत नाहीत. कडेने भोके असलेला पाइप टाकून पाणी जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात न्यावे. रुळांच्या खरेदीआधी हे काम उरकून एक पावसाळी हिवाळा त्यावरून जाऊ दिलात, तर उत्तमच.

वळण तपासायला दोरी पुरेशी आहे. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला २ मीटरची दोरी ताणून धरावी आणि मध्यावर दोरी ते रूळ हे अंतर मोजावे. १० मीटर त्रिज्येला ते ५० मिलिमीटर यायला हवे. एक मीटर पुढे सरकून पुन्हा मोजावे. एके ठिकाणी ४२ आणि लगेच पुढे ५८ आले, तर डोळ्यांना गोल दिसणारे ते वळण गाडीला धक्का देणार, हे नक्की समजावे. सरळ मार्ग आणि वळण यांच्यामध्ये हे माप शून्यापासून हळूहळू वाढत जाईल असा संक्रमणाचा तुकडा जरूर ठेवा.

वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती उंच ठेवायचा, यासाठी आमचे रेल्वेचेच सूत्र चालेल: गेज (मिलिमीटर) गुणिले वेगाचा (ताशी किलोमीटर) वर्ग, आणि त्याला १२७ व त्रिज्या (मीटर) यांच्या गुणाकाराने भागायचे. ताशी ८ किलोमीटर वेगाला उत्तर ९ मिलिमीटरच्या थोडे वर येते.

रविवारचा गार्ड:
सूत्र बरोबर आहे, मात्र ते पूर्ण लागू करू नये असे मला वाटते. परसातली गाडी वळणावरच थांबते, मुले तिथेच चढतात-उतरतात, आणि तेव्हा आतल्या बाजूचा कल धोक्याचा ठरतो. १८४ मिलिमीटरवर ३ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ १ अंश होतो. मी ३ ते ४ मिलिमीटरवर थांबेन आणि वेगच कमी ठेवेन. वॉल्ट डिस्ने यांच्या लॉस एंजेलिसमधल्या घरी याच गेजचा सुमारे ८०० मीटरचा मार्ग होता. १९५३ मध्ये इंजिन घसरले, वाफेने एका लहान मुलीला भाजले आणि त्यानंतर त्यांनी तो बंद केला. आपले इंजिन बॅटरीचे असले तरी घसरण्याची कारणे तीच राहतात.

निवृत्त पी-वे, भुसावळ:
गाडी वळणावर थांबणार असेल, तर आपले म्हणणे मान्य आहे. मात्र उंची जेवढी द्याल तेवढी संपूर्ण वळणभर सारखी ठेवा. दोन रुळांच्या पातळीतला फरक एका डब्याच्या लांबीत झपाट्याने बदलला की एक चाक अधांतरी राहते आणि त्याची कड रुळावर चढते; घसरण्याचे कारण बहुतेक वेळा हा पिळाच असतो.

ओरेगॉनवासी:
देखभालीपुरते लिहितो. आमच्या राज्यात चिलोक्विन येथे साडेसात इंची गेजचा ट्रेन माउंटन हा ३० मैलांहून लांब मार्ग आहे. तिथे देखभालीचा व्याप वेगळाच, आपल्या ९५ मीटरला एक स्पिरिट लेव्हल, एक गेजपट्टी (रुळांमधले अंतर तपासायची पट्टी) आणि खडी ठोकायला बोथट लोखंडी पट्टी पुरते. गेजपट्टी प्रत्येक सांध्यावर फिरवावी. वळणात २ ते ३ मिलिमीटर सैल गेज चालते, घट्ट मात्र कुठेही चालत नाही. सांधा खचला असेल तर फक्त तोच स्लीपर उचलू नये, दोन्ही बाजूंचे तीन-चार स्लीपरही थोडे उचलून पॅकिंग करावे, नाहीतर शेजारी नवा खळगा तयार होतो. आणि मार्गालगत मोठे झाड असेल तर मला त्याची चिकणमातीपेक्षा जास्त काळजी वाटेल.

केंब्रिजकर:
पूर्वेच्या वळणापासून साधारण ५ मीटरवर एक जुना विलो आहे. तो तोडण्याची परवानगी मिळेल असे वाटत नाही.

निवृत्त पी-वे, भुसावळ:
मग मार्गच पश्चिमेला सरकवा. विलो उन्हाळ्यात मातीतले पाणी ओढून घेतो आणि तेवढीच बाजू खचते. वळणाची त्रिज्या कमी करून जागा काढू नका. त्याऐवजी सरळ भाग दोन-तीन मीटरने कमी करा.