शब्दचर्चा : ‘अंतराळाचे संरक्षण’ की ‘अंतराळातील संरक्षण’?

प्रश्न

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या विभागात. अधिकाऱ्यांसाठीच्या एका निबंधस्पर्धेत त्याने इंग्रजीत निबंध पाठवला. विषय ‘स्पेस अँड सायबरस्पेस डिफेन्स’. आईला तो वाचायचाय, पण इंग्रजी येत नाही, म्हणून मी मराठीत उतरवतेय. शीर्षकापाशीच दोन दिवस अडलेय. ‘अवकाश व सायबर अवकाश संरक्षण’ असं लिहून दाखवलं, तर ती म्हणाली, “अवकाश आहे म्हणजे अजून वेळ आहे, असंच ना?” तिचं काही चुकलं नाही. ‘जेवायला अवकाश आहे’ हे आमच्या घरात रोज कानावर पडतं. तर अवकाश म्हणू की अंतराळ? सायबरस्पेसला काय म्हणू? आणि डिफेन्स म्हणजे संरक्षण, सुरक्षा की बचाव?

उत्तर

ताई, तुमच्या आईंनी नेमकं बोट ठेवलं. अवकाश म्हणजे आधी मोकळी जागा, मग मोकळा वेळ. हिंदीत त्याची सुट्टी झाली, मराठीत ‘अजून वेळ आहे’ हा अर्थ रुळला. भौतिकशास्त्रातल्या ‘अवकाश-काल’मध्ये तो चपखल बसतो, कारण तिथे नुसता विस्तार सांगायचा असतो. अवकाशयान, अवकाशस्थानक हेही चुकीचे नाहीत. पण सुटा शब्द शीर्षकात आला की वाचक घोटाळतो. तिथे ‘अंतराळ’च घ्या. राकेश शर्मा १९८४ साली सोयूझ यानातून गेले, ते आपल्या घराघरांत ‘अंतराळवीर’ म्हणूनच ठाऊक आहेत.

या शब्दावर माझा जीव आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो. अंतराळ म्हणजे दोहोंच्या मधली जागा. सिन्नरच्या गोंदेश्वराला सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना मध्ये एक आखूड भाग लागतो. मंदिरस्थापत्यात त्याचं नाव अंतराळ. तिथे कुणी मुक्कामाला थांबत नाही, पण ते ओलांडल्याशिवाय गाभारा नाही. तुमच्या भावाच्या विषयातही हेच आहे. सीमेवरच्या तुकडीला मिळणारा संदेश, तिची जागा दाखवणारा नकाशा, घड्याळाची अचूक वेळ, सगळं त्या मधल्या जागेतून येतं.

प्रतिसाद (हवाई दलातून निवृत्त)

आम्ही दिवसभर ‘स्पेस’ आणि ‘सायबर’च म्हणायचो, हिंदी कागदांवर ‘अंतरिक्ष’ असायचं. माझी सूचना वेगळ्या शब्दाबद्दल आहे. भाषांतरात ‘मिलिटरी’ला सरसकट ‘लष्करी’ करू नका. मराठीत लष्कर म्हटलं की भूदलच डोळ्यांपुढे येतं, आणि पुण्यात तर लष्कर म्हणजे कॅम्पचा भाग. हे विषय तिन्ही दलांचे आहेत. २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या डिफेन्स स्पेस एजन्सी आणि डिफेन्स सायबर एजन्सी याही तिन्ही दलांच्या मिळून आहेत. ‘सेनादले’ म्हणा.

आणि ‘निबंध’ या शब्दाला बिचकू नका. शाळेमुळे तो लहान वाटतो, एवढंच. हेमाद्रीचा धर्मशास्त्रावरचा अवाढव्य ग्रंथ निबंधच म्हणवतो, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ची. त्याच्या चारच वर्षं आधी, १८७० साली, सिमल्यात कर्नल मॅकग्रेगर यांनी युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संरक्षणविषयक अभ्याससंस्था काढली. आज ती दिल्लीत आहे, आणि तिच्या सुवर्णपदकाच्या निबंधस्पर्धेला सेनादलांत मोठा मान आहे.

उत्तर (पुढे)

काकांचं म्हणणं पटलं. आता सायबर. हा शब्द तसाच ठेवावा. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये नियंत्रण आणि संदेशवहनाच्या शास्त्रासाठी ‘सायबरनेटिक्स’ हे नाव रूढ केलं, ते ग्रीक भाषेतल्या सुकाणू धरणाऱ्या माणसाच्या नावावरून. आपल्याकडचा तांडेलच म्हणा ना! मुळात शब्द नियंत्रणाचा आहे, हे भाषांतर करताना मनात असू द्या. ‘सायबर अवकाश’ टाळा, ‘सायबरविश्व’ चालेल. ‘आभासी जग’ मात्र अजिबात नको, कारण तिथे झालेला घाव आभासी नसतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरत असतानाच, केए-सॅट उपग्रहाच्या इंटरनेट सेवेवर हल्ला झाला. वरच्या उपग्रहाला धक्काही लागला नाही, खाली घराघरांतले मोडेम निकामी केले गेले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रण-संपर्क त्यात तुटला. अंतराळ आणि सायबर हे दोन शब्द एकाच शीर्षकात का येतात, ते या एका घटनेत दिसतं.

डिफेन्सचं म्हणाल तर सुरक्षा ही स्थिती, संरक्षण हे सतत चालणारं काम, आणि बचाव हल्ला अंगावर आल्यावरचा. कबड्डीत चढाई आली की बचाव. इथे संरक्षणच हवं.

खरी अडचण पुढे आहे, ती विभक्तीची. इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवली की भागतं. मराठी विचारते, अंतराळाचे, अंतराळात की अंतराळातून? ‘सीमेचे संरक्षण’ म्हणतो तेव्हा सीमा आपली असते. अंतराळ कुणाचंच नाही. १९६७च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला त्यावर मालकी सांगता येत नाही. म्हणून ‘अंतराळाचे संरक्षण’ म्हटलं तर वेगळाच अर्थ निघतो, आणि तोही खरा आहे. चीनने जानेवारी २००७ मध्ये सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवरचा स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, त्याचे मोजता येण्याजोगे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले. इतक्या उंचीवरचा कचरा वर्षानुवर्षं फिरत राहतो. भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’मध्ये सुमारे ३०० किलोमीटरवरचा स्वतःचा उपग्रह पाडला. उंची कमी निवडली, ती तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून. अशा कचऱ्यापासून अंतराळ राखणं, ते अंतराळाचे संरक्षण. आपले उपग्रह शाबूत ठेवणं, ते अंतराळातील संरक्षण. उपग्रहांवरून सीमेवर नजर ठेवणं, ते अंतराळातून संरक्षण. भावाला कोणतं म्हणायचंय, ते त्यालाच विचारा.

प्रश्नकर्ती

काल रात्री फोनवर विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “ताई, दुसरं. पण तिसरंही मधूनमधून आलंय, ते मी वेगळं करायला हवं होतं.” शीर्षक ठरलं : ‘अंतराळातील व सायबरविश्वातील संरक्षण’. आईला एका वाचनात कळलं.

आता एकच शब्द अडलाय, ‘स्पूफिंग’. शत्रू खोटे संकेत पाठवतो, आणि जहाजावरचं किंवा विमानातलं यंत्र ते उपग्रहाचेच समजून चुकीची जागा दाखवतं. ‘फसवणूक’ फार ढोबळ वाटतं.

उत्तर

‘बतावणी’. पोलीस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या बाईच्या बांगड्या काढून घेतल्या, असं बातमीत वाचतो तीच. इथे उपग्रह असल्याची बतावणी.