रामसरचा शिक्का तुमचा, बंदी आमच्यावर?

कोठुरेकर: परवा इथे एका पक्षीमित्राने लिहिलं की गोदावरीवरच्या नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या काठाला अर्धा किलोमीटर रासायनिक खत, फवारणी आणि गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात केलेली पेरणी) सगळं बंद करा. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, शिक्का जाहीर झाला 2020 ला. बंधारा इंग्रजांनी बांधला तो कालव्यांसाठी. गाळ साचला, मग पक्षी आले. आता जांभळ्या पाणकोंबड्या आमचाच गहू मोडतात आणि वर आम्हीच गुन्हेगार! आधी नाशिकचं सांडपाणी अडवा, मग आमच्या बांधावर या.

पाणलावा: मीच तो पक्षीमित्र. सांडपाण्याचं शंभर टक्के मान्य. पण पाणवेल (जलपर्णी) नत्र खाताना ते गटाराचं की कांद्याचं हे विचारत नाही. 45 किलोची युरिया गोणी 266 रुपये 50 पैशांना, मग मोजून कोण टाकतो?

कोठुरेकर: गाळपेरीला खत लागतच नाही हो साहेब, गाळच खत आहे. कधी उतरलात का त्यात?

पाणलावा: उतरलोय. चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्याच्या अलीकडे हरभऱ्याच्या कडेला युरियाच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या, बुजगावण्यालाही गोणीच नेसवलेली. पाणी चढलं की ती माती धरणातच जाते.

पिंपळगावची_सून: कायद्याचं कुणाला सांगताय? 2017 च्या पाणथळ नियमांत, रामसरचे सोडले तर, सिंचनासाठी बांधलेले जलाशय धरलेलेच नाहीत. उजनी धरणाचं पाणी हिरवंगार झालं तरी नियम गप्प. आणि शेतकरी नियम पाळत नाही म्हणणाऱ्यांनी 2010 आठवावं. युरोपने द्राक्षात क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं औषध, पकडलं, कंटेनर तिकडच्या बंदरात अडकले. आमचा माल त्यातच होता. सासऱ्यांनी निर्यातदाराकडे किती खेटे घातले! पैसे शेवटपर्यंत पूर्ण आले नाहीत.

कोठुरेकर: ताई, ते औषध तर आपल्याकडे शिफारशीतलंच होतं! काडीत घड धरावेत म्हणून सगळेच मारायचे. कुणी आधी सांगितलं होतं?

पिंपळगावची_सून: तेच तर! नंतर मात्र प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, औषधाच्या अंशाचा रेसिड्यू रिपोर्ट, सगळं शिकलोच ना?

पाणलावा: म्हणजे युरोपच्या पोटासाठी वही लिहिता येते, गोदावरीसाठी नाही?

कोठुरेकर: युरोप भाव देतो. गोदावरी काय देते, पूर? तुम्ही द्राक्षं किलोने घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करता.

पाणलावा: मी द्राक्षं खातच नाही.

पिंपळगावची_सून: तेवढं तरी बरं. धागा द्राक्षावर गेला त्याला मीच कारण, पण सांगून टाकते: ज्या वर्षी डाऊनी (केवडा रोग) येते त्या वर्षी अर्धा किलोमीटर वगैरे कुणी बघणार नाही. एका पावसात घड गळतात. बंदी घालायची तर त्या पट्ट्याचं भाडं एकरी किती, ते आधी लिहा.

पाणलावा: भाड्याचा मुद्दा रास्त आहे. माझ्या पोस्टमध्ये नव्हता.

कोठुरेकर: सूर्य पश्चिमेला उगवला! ठीक, काठचं पहिलं वावर मीही बिनखताचं ठेवीन. भाडं आगाऊ, चेकने. आणि पाणकोंबड्यांनाही सांगा, त्यांनी हद्द ओलांडायची नाही.